ओटीजी १८०वर ठेवूनही केक खालून कच्चाच – थर्मोस्टॅट बदलू की रॉड?

संत्रा_केक (रामदासपेठ)

नमस्कार मंडळी. घरी २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) आहे. १६०० वॅट, वर दोन रॉड, खाली दोन, पंखा नाही. वापर चार वर्षांचा. १८० डिग्रीला ४० मिनिटांत होणारा संत्र्याचा केक आता तासभर ठेवला तरी वरून काळपट होतो, आणि सुरी खुपसली की खालचा अर्धा भाग ओला लगदा. नानकटाईचंही तेच. वरून रंग येतो, बूड पांढरंफटक.

एवढं पाहून झालं आहे : नॉब 'वर-खाली दोन्ही'वरच असतो. टायमर 'स्टे ऑन'वर ठेवते, त्यामुळे मध्येच बंद पडायचा प्रश्न नाही. प्रीहीट २५ मिनिटं. समोरचा लाल दिवा तासाभरात एकदाही विझत नाही. वरचे रॉड लाल होताना दिसतात, खालचे नीट कळत नाहीत. मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं, "थर्मोस्टॅट गेला, बदलावा लागेल." मल्टीमीटर आहे, ओहम मोजता येतो. थर्मोस्टॅट आणायच्या आधी काय तपासू?

पक्कड_पेचकस (महाल)

ताई, थर्मोस्टॅट आणू नका. तो निर्दोष असल्याचा पुरावा तुम्हीच लिहिलाय.

त्याचं काम एकच, ठरलेली उष्णता झाली की रॉडची वीज तोडायची. तो बिघडून लवकर तोडत असता तर दिवा आठ-दहा मिनिटांत विझला असता. तुमचा दिवा तासभर विझत नाही, म्हणजे तो बिचारा १८० कधी होतात याची वाट पाहत बसलाय आणि ते होतच नाहीत. उष्णताच कमी पडतेय.

एक खात्री मात्र करून घ्या. काही ओटीजीत दिवा नुसता टायमरवर असतो, थर्मोस्टॅटशी त्याचा संबंध नसतो. ओव्हन अर्धा तास तापू द्या, मग तापमानाचा नॉब १८० वरून अगदी हळूहळू खाली आणा. कुठेतरी बारीक 'टक' ऐकू येईल. त्या क्षणी दिवा विझला तर दिवा थर्मोस्टॅटवरच आहे. आणि 'टक' ज्या आकड्यावर झाला, थर्मोस्टॅटच्या हिशेबानं ओव्हन सध्या साधारण तेवढाच तापलाय. १४०-१५०ला झाला तर दुखणं रॉडच्या बाजूला.

खालचे रॉड दिवसा पाहून कळत नाहीत. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, पाच मिनिटांनी काचेतून पाहा. चांगला रॉड अंधारात निदान मंद तांबूस दिसतो.

युनिट_मोजणारा (मानेवाडा)

उघडायच्या आधी एक तपासणी मीटरवर होते, हत्यार लागत नाही. घराच्या विजेच्या मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती लुकलुक, हे पाटीवरच छापलेलं असतं. ३२०० बरेचदा दिसतं, पण आपलं वाचून घ्या.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, वायफाय आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. तो गुपचूप चार्जिंग ओढत असतो आणि हिशेब चुकवतो. मग एकटा ओटीजी लावा, २५० डिग्रीवर, दोन्ही रॉडवर, म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच तोडणार नाही. एका मिनिटातली लुकलुक मोजा. आकडा गुणिले ६०, भागिले ३२०० : उत्तर किलोवॅटमध्ये. पूर्ण १६०० वॅट लागत असतील तर मिनिटाला ८५ यायला हव्यात.

त्याच वेळी त्याच बोर्डावरचा व्होल्टेजही पाहा. उन्हाळ्यात गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की संध्याकाळी तो खाली येतो, आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २३०चे २०० झाले तर १६०० वॅटचे १२१० उरतात. व्होल्टेज १३ टक्क्यांनी कमी, उष्णता जवळपास पाव भागानं कमी. ओव्हन बिघडलाय असं वाटतं नि तो धडधाकट असतो.

आणि प्लग कुठे लावलाय? सात अँपिअर ओढणारी वस्तू आहे. मोठ्या पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. अडॅप्टर घालून सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये, किंवा मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलात तर पिना तापून प्लास्टिक पिवळं पडतं. अर्धा तास चालवून बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट चालेल. हात मागे घ्यावा लागला तर सॉकेट आधी बदला.

संत्रा_केक (रामदासपेठ)

करून पाहिलं.

मीटर ३२००चं. संध्याकाळी ७ वाजता मिनिटाला ३७, दोनदा मोजलं. व्होल्टेज तेव्हा २१५. 'टक' १४०च्या जरा पुढे झाला आणि दिवा त्याच वेळी विझला. अंधारात खालचे दोन्ही रॉड काळेकुट्ट, वरचे दोन्ही लाल. प्लग १६चाच आहे, कोमट.

पण एकदम दोन्ही रॉड कसे जातील?

पक्कड_पेचकस (महाल)

३७ गुणिले ६०, भागिले ३२०० म्हणजे ६९४ वॅट. २१५ व्होल्टवर पूर्ण ओव्हननं साधारण १४०० घ्यायला हवेत. बरोब्बर निम्मे. व्होल्टेजचा वाटा आहे पण थोडा, खरं कारण खालची जोडी.

दोन्ही एकदम जात नाहीत. अशा पुष्कळ ओटीजीत एकेक रॉड ११५ व्होल्टचा असतो आणि दोन रॉड सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्टवर चालवतात. जुन्या दिव्यांच्या माळेसारखं, एक तुटला की दुसराही थंड. म्हणून तुमचा बहुधा एकच रॉड गेलाय, किंवा रॉड चांगले असून जोडणीचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची रॉडवर बसणारी धातूची क्लिप, जळालाय. तो निघाला तर फुकटात काम.

आता उघडायचं. प्लग भिंतीतून काढून डोळ्यासमोर ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओव्हन तासभर थंड होऊ द्या. वरचा पत्रा उलट्या यू आकाराचा एकच तुकडा असतो. मागचे, बाजूचे आणि तळाचे स्क्रू काढले की मागे सरकवून वर निघतो. पत्र्याच्या कडा आतून ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे घाला. निघाला की पहिल्यांदा मोबाइलवर चार फोटो काढा, प्रत्येक वायरचा रंग कुठे जातो ते दिसेल असे.

नॉबच्या बाजूला रॉडच्या टोकांना वायरी दिसतील. पलीकडच्या बाजूला खालच्या दोन रॉडना जोडणारी एक पत्र्याची पट्टी किंवा छोटी वायर दिसली, तर सिरीज नक्की. ती पट्टी सोडवा, वायरींचे लगही काढा. लग ओढताना वायरीला धरून ओढायचं नाही, लगलाच पकडीनं धरून सरळ बाहेर. रॉडच्या टोकाचं चिनी मातीचं बूच तिरकं ओढलं की तडकतं.

मीटर २०० ओहमवर. आधी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा, ०.३-०.५ येईल, तो नंतर वजा करायचा. तुमच्या ओव्हनचा हिशेब असा : चार रॉड, प्रत्येकी ४०० वॅट, ११५ व्होल्ट. ११५चा वर्ग भागिले ४०० म्हणजे ३३ ओहम. थंड असताना एक-दोन ओहम कमी दिसले तरी चालतं. वरची जोडी मिळून ६६च्या आसपास दिसली की समजा मोजणी बरोबर चाललीय. खालच्यांत ज्याला 'ओएल' किंवा डावीकडे नुसता १ दिसेल, तो गेला.

मग मीटर मोठ्यात मोठ्या रेंजवर टाकून रॉडचं टोक आणि ओव्हनची बॉडी यांच्यात मोजा. काहीच दिसता कामा नये. आकडा दिसला तर रॉड आतून बॉडीला लागतोय. हे चारही रॉडना करा.

धरमपेठी_खवय्या

मध्येच घुसतो. हे वाचून कुणी कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह उघडायला घेईल, तर बाप्पा, हात लावू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवतो. वर लिहिलेलं सगळं साध्या ओटीजीपुरतं.

संत्रा_केक (रामदासपेठ)

उघडलं. पलीकडे पट्टी आहे, सिरीजच.

वरची जोडी ६४.८. खालचा मागचा रॉड ३२.५. खालचा पुढचा ओएल. त्याच्या मधोमध, दाराजवळ, एक फुगलेला ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्यावर पांढरट भुकटी. बॉडीला काहीच लागत नाही. नॉबच्या बाजूला याच रॉडचा लग काळानिळा झालाय आणि त्याच्या वायरीचं वेष्टण दीड-दोन सेंटीमीटर करपलंय.

भंगारातून_सोनं (इतवारी)

अहो मग सोपं आहे. गेलेला रॉड काढून टाका, वायर सरळ चांगल्या रॉडला जोडा. खाली एक तर एक, काम चालतं नं. नवीन रॉडला पैसे काहून घालता?

पक्कड_पेचकस (महाल)

भाऊ, हा सल्ला कुणी अमलात आणण्याआधी आकडे पाहा. ३३ ओहमच्या एकट्या रॉडवर पूर्ण २३० व्होल्ट आले की तो १६०० वॅट ओढतो. ४००साठी बनवलेला रॉड चौपट तापतो, पांढराशुभ्र होतो आणि काही वेळात आतली तार वितळते. जाता जाता नळी फुटून तार बॉडीला लागली आणि घराचं अर्थिंग कच्चं असलं, तर दाराच्या मुठीला करंट. शिवाय वरची जोडी धरून ओव्हन २४०० वॅट ओढतो, त्याच्या आतल्या वायरी आणि स्विच तेवढ्यासाठी नसतात. जुगाड करायलाही जागा पाहावी लागते राजेहो.

ताई, दाण्यासारखा ठिपका म्हणजे आतली तार तिथेच तुटली. तुटताना ठिणगी पडून नळी फुटली, पांढरी भुकटी म्हणजे आत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइड. दाराजवळच्या रॉडवर तूप, साखरेचा पाक, केकचं सांडलेलं मिश्रण जास्त पडतं. ते जळून पापुद्रा बसतो, त्याखाली नळी जास्त तापते आणि तिथेच जीव सोडते. आणखी एक चूक बरेच जण करतात, साफसफाई सोपी व्हावी म्हणून खालच्या रॉडवर किंवा त्यांना टेकवून ॲल्युमिनियम फॉइल घालतात. उष्णता परत रॉडवरच येते. फॉइल घालायचीच तर खालच्या क्रम्ब ट्रेवर, रॉडला कुठेही न टेकता.

लगचं काय झालं तेही सांगतो. तो सैल होता. सैल जोडात ठिणग्या पडतात, तो तापतो, तापला की स्प्रिंग मरते नि आणखी सैल होतो. नवीन रॉड आणून तोच लग बसवलात तर वर्षभरात पुन्हा हेच.

आता दुकानात. नागपुरात बर्डीत किंवा इतवारीत इलेक्ट्रिकल स्पेअर पार्ट ठेवणाऱ्यांकडे जुना रॉड हातात घेऊन जा, फोनवर मागवू नका. जुळवायचं ते असं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण लांबी. नळीची जाडी. टोकाला स्क्रू आहे की चपटी पात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, व्होल्ट. दुकानदार लांबी जुळली की २३० व्होल्ट ४०० वॅटचा देऊन मोकळा होतो, "वॅट सेम आहे नं" म्हणतो. त्याचा रोध १३२ ओहम. तो तुमच्या ३३च्या जोडीला सिरीजमध्ये लावला की दोघं मिळून ८००च्या जागी फक्त ३२० वॅट देतात, त्यातही नवा २५६ आणि जुना ६४. पुढून जळकी, मागून कच्ची नानकटाई होईल आणि तुम्ही पुन्हा थर्मोस्टॅटला शिव्या द्याल. मल्टीमीटर सोबत न्या. काउंटरवरच मोजा, ३१ ते ३५च्या मध्ये असेल तर घ्या.

लग साधा पितळी किंवा प्लास्टिकच्या टोपीचा नको, हीटरसाठी मिळतो तो निकेल चढवलेला पोलादी घ्या. पकडीनं दाबून नको, क्रिम्पिंगच्या हत्यारानं दाबून घ्या, दुकानातच करून देतात. झाळायचा तर अजिबात नाही, साधं झाळकाम १९० डिग्रीच्या आतच पातळ होतं. करपलेली वायर करपलेल्या भागाच्या मागे तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापा. लांबी अपुरी पडली तर पूर्ण तुकडा बदला, सिलिकॉन किंवा ग्लास फायबरच्या वेष्टणाची. घरातल्या फिटिंगची पीव्हीसी वायर ७० डिग्रीची असते, काळी टेपही तशीच. दोन्ही ओव्हनच्या आत चालत नाहीत.

बसवताना रॉडला एका टोकाला किंचित सरकायला जागा ठेवा. तापल्यावर तो लांबतो, दोन्हीकडून आवळला की मधे वाकतो. अर्थिंगची हिरवी वायर परत घट्ट लावली का ते पत्रा बंद करण्याआधी दोनदा पाहा. प्लगची मोठी पिन ते बॉडी, ओहम शून्याच्या जवळ यायला हवा. पत्रा उघडा ठेवून ओव्हन चालू करून पाहायचा मोह आवरा.

युनिट_मोजणारा (मानेवाडा)

पुरवणी. नवीन रॉड पावसाळाभर दुकानात पडून असेल तर ती आतली भुकटी ओल धरते. पहिल्यांदा लावताच आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा घरातला स्विच) पडू शकतो. तसं झालं तर अर्थिंगची वायर काढून चालवायची नाही, असं सुचवणारे भेटतात. रॉड काढून इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (करंट गळतोय का ते मोजणारं यंत्र) तपासा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर परत करा. पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या चांगल्या ओटीजीलाही दिवाळीच्या फराळाच्या वेळी हाच त्रास होतो.

संत्रा_केक (रामदासपेठ)

रॉड मिळाला, ३३.१. दुकानदारानं पहिल्यांदा खरंच १३०च्या वरचा हातात दिला होता.

बसवला. दुपारी २२६ व्होल्टवर मिनिटाला ८२ लुकलुक. चारही रॉड लाल. १८०ला दिवा १३ मिनिटांत विझला, मग चालू-बंद होतोय. ओव्हनमध्ये ठेवायचा डायलवाला थर्मामीटर आणला, तो मात्र कधी १९८ दाखवतो, कधी १७२. आता थर्मोस्टॅट बदलायचा का?

धरमपेठी_खवय्या

नाही हो! घरगुती ओटीजीचा थर्मोस्टॅट असाच चालतो. ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन तोडतो, खाली आल्यावर जोडतो. १९८ आणि १७२ची सरासरी १८५. पाच डिग्रीच्या फरकासाठी कुणी पेचकस उचलत नाही.

थर्मामीटर मधल्या जाळीवर, मधोमध ठेवून दिवा तीनदा विझेपर्यंत थांबा आणि मग वरचे-खालचे आकडे लिहा. पहिला झटका नेहमी जास्त वर जातो, तो धरायचा नाही. दार उघडून वाचलात तर आकडा तिथल्या तिथे पडतो, काचेतूनच वाचा. इन्फ्रारेड बंदूक असेल तर ती चकचकीत पत्र्यावर मारू नका, खोटं कमी दाखवते. काळ्या ट्रेवर मारा.

थर्मामीटर खरा आहे का याची शंका असेल तर साखर. साखर १८६ डिग्रीच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर, सरासरी १७५वर १५ मिनिटं ठेवली तर दाणे दाणेच राहायला हवेत. सरासरी १९५वर तेवढ्याच वेळात पाणी व्हायला हवी.

सरासरी २०-२५नं चुकत असती तर गोष्ट वेगळी. नॉब ओढून काढला की काही थर्मोस्टॅटच्या दांड्याच्या पोकळीत बारीक स्क्रू असतो. प्लग काढून तो एका फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच फिरवायचा, पुन्हा तीन चक्रं मोजायची. दिशा प्रत्येकात वेगळी, त्यामुळे आधी मूळ जागेची खूण करून ठेवायची. स्क्रूवर रंगाचं सील असेल तर सोडून द्या. त्याहून सोपं, नॉबवर मार्करनं खरं १८० कुठे येतं तिथे रेघ.

संत्रा_केक (रामदासपेठ)

राहू देते तर मग. केक आज ४२ मिनिटांत झाला, बूड छान तांबूस. पण लागोपाठ नानकटाईचे दोन ट्रे लावले, त्यातला दुसरा फिका राहिला. वेळ तोच, १६ मिनिटं.

पक्कड_पेचकस (महाल)

तुमचा थर्मोस्टॅट पाहा, दोन जातीचे असतात. एकातून तांब्याची केसासारखी बारीक नळी निघून ओव्हनच्या आत जाते, तिच्या टोकाची कांडी आतली हवा मोजते. दुसऱ्याला नळी नसते. नॉबच्या मागच्या कप्प्यात पट्टी असते, ती त्या कप्प्याची उष्णता मोजते आणि त्यावरून आतला अंदाज घेते.

तुमचा दुसऱ्या जातीचा असेल तर पहिल्या ट्रेपर्यंत कप्पा थंड असतो, रॉड जास्त वेळ चालू राहतात. तासाभरानं कप्पा स्वतःच तापतो, पट्टीला वाटतं झाले १८०, ती लवकर तोडते. दुसरा ट्रे फिका. नागपूरच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटवलेल्या ओव्हनला हे जास्त. नॉबच्या बाजूला आणि मागे निदान १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, पत्र्याच्या झरोक्यांवर कापड नको. दुसऱ्या ट्रेला नॉब १०-१५ डिग्री वर घ्या, आणि ट्रे ठेवण्याआधी दार मिटून पाच मिनिटं परत तापू द्या.

नळीवाला असेल तर कांडी क्लिपमध्येच आहे ना ते पाहा. ती घसरून रॉडजवळ लोंबली तरी लवकर तोडते.

धरमपेठी_खवय्या

आणि ट्रे केवढा आहे? भिंतीपासून भिंतीपर्यंत असेल तर खालची गरम हवा वर येतच नाही. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोकळं हवं. तोच ट्रे गरम असताना त्यावर दुसऱ्यांदा नानकटाई मांडली तर तूप आधीच सुटतं आणि ती पसरते. थंड करून घ्या, किंवा दुसरा ट्रे.

संत्रा_केक (रामदासपेठ)

नळी नाही, कप्प्यातलाच आहे. आणि ओव्हन नॉबच्या बाजूनं फ्रिजला टेकलेला. आज सरकवते.